भार कोणावर आहे?

प्रास्ताविक

घरातील नळ गळू लागला किंवा सायकलचे चाक पंक्चर झाले, तर आपल्यापैकी अनेक जण हाताशी असलेली साधने घेऊन स्वतःच दुरुस्ती करतात. त्यात चार पैसे वाचतात आणि आपल्या हातून काही नीट झाल्याचे समाधानही मिळते. आज अनेक कुटुंबांच्या दारात लहान मोटारगाडी उभी असते. कोणी ती हौसेने बाळगतो, तर कोणाची उपजीविकाच तिच्यावर चालते. अशा गाडीची काही कामे घरी करता येतील का, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

या पाठात आपण अशाच एका कामाची माहिती घेणार आहोत. ते काम म्हणजे मोटारीचे धक्काशोषक आणि स्ट्रट बदलणे. हे काम बुद्धीला अवघड नाही, पण त्यात जिवाला धोका आहे. म्हणून केवळ कृती पाठ करून चालत नाही. प्रत्येक पायरीवर स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो : या क्षणी भार कोणावर आहे?

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपणांस :

- स्प्रिंग आणि धक्काशोषक यांच्या कार्यातील फरक सांगता येईल;
- धक्काशोषक निकामी झाल्याची लक्षणे ओळखता येतील;
- ते बदलण्याच्या कृतीचा क्रम व त्या क्रमामागील कारण स्पष्ट करता येईल;
- घरी करण्याजोगे काम आणि कुशल कारागिराकडे सोपवण्याचे काम यांतील सीमा ठरवता येईल;
- सूचनापर लेखनाची भाषा ओळखता येईल.

मूळ पाठ

१. दोन वस्तू, दोन कामे

गाडीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामध्ये स्प्रिंग बसवलेली असते. गाडीचे व तिच्यातील माणसांचे वजन ही स्प्रिंग पेलते. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग लांब होते, उंचवट्यावर चढले की ती दबते. त्यामुळे चाकाला बसलेला प्रत्येक हिसका जसाच्या तसा आपल्या पाठीपर्यंत पोहोचत नाही.

परंतु स्प्रिंगला एक खोड असते. दाबून सोडलेली स्प्रिंग एकदा उसळून थांबत नाही. ती वरखाली होत राहते. गाडीला केवळ स्प्रिंगच असती, तर एका गतिरोधकावरून गेल्यावर ती बराच वेळ झोके घेत राहिली असती. हे झोके आवरण्याचे काम धक्काशोषक करतो. गॅरेजात त्याला ‘शॉकअप’ म्हणतात.

धक्काशोषकाची रचना साधी आहे. एका बंद पोलादी नळीत तेल भरलेले असते. त्या तेलात एक दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. दट्ट्या सरकला की तेलाला या अरुंद वाटांतून जावे लागते आणि त्यामुळे गतीला विरोध होतो. हलक्या हाताने सरकवल्यास विरोध कमी, जोराने सरकवल्यास विरोध अधिक, असा त्याचा स्वभाव असतो. स्प्रिंगच्या हालचालीतील ऊर्जेचे अशा रीतीने उष्णतेत रूपांतर होते. खडबडीत रस्त्यावरून बराच काळ धावलेल्या गाडीचा धक्काशोषक म्हणूनच हाताला गरम लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धक्काशोषक केवळ प्रवाशांच्या सुखासाठी असतो, असे अनेकांना वाटते. वास्तविक त्याचे अधिक महत्त्वाचे काम म्हणजे चाक रस्त्याला टेकलेले ठेवणे हे होय. टायरचा जो भाग प्रत्यक्ष रस्त्याला टेकतो, तो साधारण तळहाताएवढाच असतो. ब्रेक लागणे, गाडी वळणे, ओल्या रस्त्यावर तिची पकड राहणे, हे सारे त्या चार तळहातांएवढ्या जागेवर अवलंबून असते. धक्काशोषक निकामी झाला की चाक रस्त्यावर उड्या मारू लागते. चाक जेव्हा हवेत असते, तेव्हा ब्रेक कितीही दाबला तरी त्या चाकापुरता त्याचा उपयोग नसतो. म्हणून खराब धक्काशोषक हा गैरसोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

२. स्ट्रट म्हणजे काय?

मोटारी नव्या होत्या, तेव्हा घोडागाडीप्रमाणे त्यांनाही पोलादी पट्ट्यांच्या थरांची स्प्रिंग असे. ट्रक आणि बसचे चालक आजही तिला ‘पाटा’ म्हणतात. पट्ट्या एकमेकींवर घासत असल्यामुळे झोके थोडेफार आपोआपच कमी होत. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील ट्रुफो आणि अमेरिकेतील एडवर्ड हार्टफर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा, चकत्यांच्या घर्षणावर चालणारा धक्काशोषक प्रचारात आला. पुढे त्याची जागा तेलाच्या धक्काशोषकांनी घेतली.

अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने यात मोठा बदल केला. त्याने धक्काशोषक आणि गुंडाळीची स्प्रिंग एकत्र आणली आणि या जोडीलाच चाक धरून ठेवणारा खांब बनवले. या खांबाला स्ट्रट म्हणतात. १९५० साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या फोर्ड कंपनीच्या कॉन्सल या गाडीत ही रचना होती. तिला जागा कमी लागते, सुटे भागही कमी लागतात. त्यामुळे लहान मोटारींसाठी ती अतिशय सोयीची ठरली. आपल्या देशात डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या गाडीच्या पुढच्या चाकांनाही मॅकफर्सन स्ट्रटच होते. आज भारतातील बहुतेक लहान मोटारींची पुढची बाजू याच रचनेची असते.

मागच्या बाजूला मात्र अनेक लहान गाड्यांमध्ये स्प्रिंग वेगळी आणि धक्काशोषक वेगळा असतो. आपल्या कामाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. मागच्या धक्काशोषकावर स्प्रिंगचा दाब नसतो. पुढच्या स्ट्रटमध्ये मात्र दाबलेली स्प्रिंग सतत कोंडलेली असते. काही गाड्यांत मागेही स्प्रिंग आणि धक्काशोषक एकत्रच असतात. तशी रचना असल्यास तिला स्ट्रटचेच नियम लागू होतात. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीची रचना कोणती आहे, हे खाली वाकून नीट पाहून घ्यावे.

३. बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

धक्काशोषक एका दिवसात निकामी होत नाही. तो हळूहळू कमजोर होतो आणि चालकाला त्याची सवय होत जाते. म्हणून पुढील लक्षणांकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे.

- ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक प्रमाणाबाहेर खाली झुकते.
- गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा सावरून स्थिर न होता पुन्हा पुन्हा वरखाली होते.
- वळणावर गाडी एका बाजूला अधिक कलते.
- खड्ड्यातून जाताना खडखड किंवा ठक्कन असा आवाज येतो.
- टायर सर्वत्र सारखा न झिजता ठिकठिकाणी वाटीसारखा खोलगट झिजतो.
- धक्काशोषकाच्या नळीवरून तेलाचा ओघळ आलेला दिसतो.

नळीच्या वरच्या टोकाला तेलाचा पुसट ओलावा असणे फारसे चिंतेचे नाही. पण धूळ चिकटून काळा पडलेला ओघळ दिसला, तर आतील सील फाटले आहे असे समजावे. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोराने दाबून सोडण्याची चाचणी बहुतेकांना ठाऊक असते. सोडल्यावर कोपरा वर येऊन लगेच स्थिर झाला पाहिजे. तो झोके घेत राहिला, तर धक्काशोषक नक्कीच गेला आहे. मात्र तो स्थिर झाला म्हणून धक्काशोषक चांगलाच आहे, असे म्हणता येत नाही. कारण हाताच्या दाबाने होणारी हालचाल रस्त्यावरील हालचालीच्या मानाने फार मंद असते.

धक्काशोषक नेहमी जोडीने बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असेल, तर दोन्ही चाकांची वागणूक वेगळी होते आणि जोराने ब्रेक लावल्यावर किंवा वळणावर गाडी अनपेक्षित रीतीने वागू शकते. जुन्या नळीला भोक पाडून, तेल भरून, पुन्हा डाख देऊन विकलेले स्वस्त धक्काशोषक घेण्याचा मोह टाळावा. त्यांच्या आतील झिजलेल्या झडपा तशाच असतात.

पाठगत प्रश्न १

(अ) स्प्रिंगचे काम कोणते आणि धक्काशोषकाचे काम कोणते?
(आ) ‘खराब धक्काशोषक हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे’ असे का म्हटले आहे?
(इ) धक्काशोषक जोडीने का बदलावेत?

४. पूर्वतयारी

या कामासाठी सपाट व कठीण जमीन हवी. माती, वाळू किंवा उताराची जागा चालत नाही. कारण गाडीच्या वजनाने जॅक मातीत रुततो व कलतो. काम दिवसाउजेडी करावे आणि एखादी जाणती व्यक्ती सोबतीला असावी.

साधने पुढीलप्रमाणे लागतात : जॅक, गाडीचा भार पेलणारी लोखंडी घोडी, म्हणजेच जॅकस्टँड, किमान दोन, चाकांना उटी लावण्यासाठी लाकडी ठोकळे, निरनिराळ्या मापांचे रिंग पाने व सॉकेट, घट्टपणा मोजणारा टॉर्क पाना, तारेचा ब्रश, गंज सैल करणारे तेल, मजबूत तार, डोळ्यांवर लावायचा चष्मा आणि हातमोजे. याशिवाय आपल्या गाडीची दुरुस्ती पुस्तिका मिळवावी. कोणता नट किती घट्ट करावा, कोणता नट पुन्हा वापरू नये आणि गाडी कोणत्या ठिकाणी उचलावी, हे प्रत्येक गाडीसाठी वेगळे असते. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

घट्टपणा न्यूटन-मीटर या एककात देतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोग्रॅम वजन टांगले, तर नटावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. यावरून पुस्तिकेतील आकड्यांचा अंदाज बांधता येईल.

गंजलेल्या नटबोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सैल करणारे तेल सोडावे व तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत. ब्रेकच्या भागांवर हे तेल उडू देऊ नये.

आता गाडी उचलण्याचा क्रम पाहू. हँडब्रेक लावावा आणि जी चाके जमिनीवर राहणार आहेत, त्यांच्या मागे व पुढे उटी लावावी. मागची चाके उचलायची असतील, तर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. कारण बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. ती चाके हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारे फक्त उटीचे ठोकळेच उरतात. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे सैल करावेत, कारण हवेत ते फिरू लागते. त्यानंतर जॅक लावून गाडी उचलावी, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दोन्ही बाजूंना घोडी ठेवावी आणि जॅक हळूच उतरवून गाडीचा भार घोडीवर येऊ द्यावा. बाजूने थोडे हलवून गाडी स्थिर असल्याची खात्री करावी. मगच चाके काढावीत.

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्याचे तेलाचे सील केव्हाही दगा देऊ शकते. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली, एक क्षणभरही, शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. विटा रचून त्यांवर गाडी टेकवणे हेही तितकेच घातक आहे. वीट पूर्वसूचना न देता फुटते.

५. मागचे धक्काशोषक

स्प्रिंग वेगळी असलेल्या गाडीत मागचा धक्काशोषक बदलणे तुलनेने सोपे असते. नवशिक्याने आरंभ येथूनच करावा.

गाडी घोडीवर टेकल्यावर मागचा आस खाली लोंबकळतो. तो किती खाली जावा, हे अनेक गाड्यांत धक्काशोषकच ठरवतो. येथे आपला प्रश्न विचारावा : हा बोल्ट काढला तर भार कोणावर जाईल? उत्तर असे की, आस आणखी खाली येईल, ब्रेकची रबरी नळी ताणली जाईल आणि स्प्रिंग जागेवरून निसटेल. म्हणून बोल्टला हात लावण्यापूर्वी आसाखाली दुसरा जॅक लावून त्याला किंचित आधार द्यावा. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. दुसरी बाजू तशीच राहिल्यामुळे आसाला आधार मिळतो. शिवाय जोडणी करताना नमुना म्हणून तिच्याकडे पाहताही येते.

धक्काशोषकाचे वरचे टोक काही गाड्यांत डिक्कीच्या आतून उघडते, तर काहींत चाकाच्या वरच्या पोकळीत असते. वरचा नट फिरवताना आतील दांडाही फिरू लागतो. अशा वेळी दांड्याच्या टोकाला असलेली चपटी बाजू लहान पान्याने धरावी. दांड्याचा गुळगुळीत भाग पकडीने कधीही धरू नये. त्यावर पडलेला बारीकसा ओरखडाही सील कापतो व नवा धक्काशोषक थोड्याच दिवसांत गळू लागतो. वॉशर आणि रबरी बुश ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवावेत. नंतर खालचा बोल्ट काढून जुना धक्काशोषक बाहेर घ्यावा.

नवा धक्काशोषक आडवा राहिलेला असेल, तर त्याच्या आत हवेचे बुडबुडे चुकीच्या जागी गेलेले असतात. निव्वळ तेलाचा धक्काशोषक बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा व ओढावा. विरोध सर्वत्र सारखा लागू लागला की हवा निघाली असे समजावे. ज्यात वायूही भरलेला असतो, तो पट्टीने बांधून दाबलेल्या स्थितीत मिळतो. पट्टी कापली की दांडा आपोआप बाहेर येतो. म्हणून वरचे टोक जागेवर बसवल्यानंतरच ती कापावी आणि त्या वेळी चेहरा बाजूला ठेवावा.

खालच्या बोल्टाभोवती रबरी बुश असते. गाडी हवेत असतानाच हा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी बेताने आवळावा. गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर त्याला पुस्तिकेतील घट्टपणा द्यावा.

६. पुढचे स्ट्रट

पुढच्या कामात क्रम अधिक काटेकोर असतो. शक्यतो पुढची दोन्ही चाके सारख्याच उंचीवर उचलावीत. दोन्ही बाजूंना जोडणारा एक पोलादी दांडा असतो. तो वळणावर गाडीला कलू देत नाही. एकच चाक उचलले तर हा दांडा पिळला जातो आणि त्याची जोडणी काढताना हिसका बसतो. दोन्ही चाके सारखी उचलली की हा पीळ नाहीसा होतो.

चाक काढल्यावर स्ट्रटच्या नळीला अडकवलेली ब्रेकची रबरी नळी सोडवावी. अनेक गाड्यांत चाकाची गती मोजणारी एबीएसची तारही तेथेच असते. तीही अलगद मोकळी करावी. त्यानंतर स्ट्रटच्या तळाशी असलेल्या दोन मोठ्या बोल्टांकडे वळावे. स्ट्रट ज्या भागाला जोडलेला असतो, त्याला गॅरेजात ‘नकल’ म्हणतात. चाक, ब्रेक आणि स्टिअरिंगचा दांडा या साऱ्यांचा तो सांधा आहे. बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागी खडूने किंवा रंगाने खुणा कराव्यात.

पुन्हा तोच प्रश्न विचारावा. हे दोन बोल्ट निघाले की नकल कोणावर उभे राहील? वरून त्याला धरणारे काहीच उरणार नाही. ते बाहेरच्या बाजूला कलंडेल, ब्रेकची नळी ताणली जाईल आणि चाक फिरवणाऱ्या दांड्याचा आतला सांधा निसटण्याची भीती राहील. म्हणून खालच्या आर्मला जॅकचा आधार द्यावा आणि नकल तारेने सांगाड्याला बांधून घ्यावे. ब्रेकच्या नळीवर कोणतेही वजन लोंबकळू देऊ नये. नळी बाहेरून धड दिसली तरी आतून फाटलेली असू शकते.

बोल्ट निघाल्यावर बॉनेट उघडावे. स्ट्रटच्या माथ्याशी दोन किंवा तीन लहान नट दिसतील. ते स्ट्रटला सांगाड्याशी जोडतात. सोबत्याने खालून स्ट्रट धरावा आणि आपण हे नट काढावेत, म्हणजे तो हळूच खाली उतरवून बाहेर घेता येईल.

७. मधला नट

त्या लहान नटांच्या मधोमध आणखी एक मोठा नट असतो. घरी काम करणाऱ्याने त्याला पाना लावू नये.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. स्ट्रटमधील स्प्रिंग तळाशी एका वाटीवर टेकलेली असते आणि माथ्याशी दुसऱ्या वाटीने दाबून धरलेली असते. ती वरची वाटी दांड्याला धरून ठेवणारा एकमेव भाग म्हणजे हा मधला नट होय. गाडी हवेत असली, चाक काढलेले असले, स्ट्रट बाहेर घेऊन जमिनीवर ठेवला असला, तरी स्प्रिंग दाबलेलीच असते. बाहेरून ती शांत दिसते. पण पूर्ण शक्ती आत साठलेली असते. नट निघाल्याबरोबर वाटी आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीप्रमाणे उडतात. समोर मनुष्य असला तर गंभीर इजा होते. मृत्यूही येऊ शकतो.

स्प्रिंग आवळण्यासाठी आकड्यांचे साधे साधन बाजारात मिळते. परंतु आकडा गोल तारेवरून घसरू शकतो, दोन बाजू सारख्या आवळल्या गेल्या नाहीत तर स्प्रिंग वाकडी होते आणि आटे झिजलेले असतील तर ते अचानक सुटतात. म्हणून सुटा केलेला संपूर्ण स्ट्रट, योग्य दाबयंत्र असलेल्या गॅरेजात न्यावा. तेथे स्प्रिंग यंत्रात बंदिस्त करून मगच मधला नट काढतात. स्ट्रट काढण्याचे व बसवण्याचे श्रम आपण केलेले असल्याने खर्च तरीही कमी येतो.

गॅरेजात असताना वरचे रबरी माउंटिंग, त्यातील बेअरिंग, धूळ अडवणारे रबरी आवरण आणि दांड्यावरील रबरी ठोकळा तपासून घ्यावेत. खराब असल्यास बदलावेत. स्ट्रट परत घेताना स्प्रिंगचे टोक खालच्या वाटीतील खाचेत नीट टेकले आहे ना, हे स्वतः पाहावे. डावा व उजवा स्ट्रट बहुधा सारखे नसतात. म्हणून त्यांवर खूण करून ठेवावी.

बसवताना क्रम उलटा होतो. आधी वरचे लहान नट हाताने लावावेत, मग खुणा जुळवून खालचे बोल्ट घालावेत आणि त्यानंतर सर्व नट पुस्तिकेनुसार आवळावेत. ब्रेकची नळी पिळलेली नाही व तार कशालाही घासत नाही, याची स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून खात्री करून घ्यावी.

पाठगत प्रश्न २

(अ) हँडब्रेक लावलेला असूनही उटी का आवश्यक असते?
(आ) दांड्याचा गुळगुळीत भाग पकडीने का धरू नये?
(इ) मधला नट काय धरून ठेवतो?

८. काम झाल्यावर

चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. गाडी जमिनीवर आल्यावर त्यांना पूर्ण घट्टपणा द्यावा. निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल दोन-तीन वेळा दाबून ते नेहमीप्रमाणे लागते का, हे पाहावे. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, मंद गतीने करावी. आवाज आला किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर थांबून तपासणी करावी. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा तपासावेत.

स्ट्रटच्या खालच्या बोल्टांवर चाकाचा कोन अवलंबून असतो. खुणा कितीही नीट जुळवल्या तरी त्यात थोडा फरक पडतोच. म्हणून पुढचे स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. ते टाळल्यास नवे टायरही काही महिन्यांत एका कडेने झिजतात.

जुने धक्काशोषक आगीत टाकू नयेत. त्यांत दाबाखालील वायू असू शकतो. गळालेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते बंद डब्यात भरून, तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे.

समारोप

या कामातील धोके निरनिराळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. जॅक घसरणे, आस खाली येणे, ब्रेकची नळी तुटणे, स्प्रिंग उडणे, या प्रत्येक प्रसंगी भार पेलणारी वस्तू काढली गेलेली असते आणि तिच्या जागी दुसरा आधार दिलेला नसतो. म्हणून पाना लावण्यापूर्वी ‘हा नट काय धरून आहे?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. उत्तर मिळाले आणि दुसरा आधार देता आला, तर काम पुढे न्यावे. उत्तर मिळाले, पण आधार देण्याचे साधन आपल्यापाशी नसेल, तर तेथेच थांबावे. अनुभवी कारागीरही याच रीतीने थांबतो. त्यात कमीपणा नाही.

भाषेचा विचार

हा पाठ सूचनापर व स्पष्टीकरणात्मक गद्याचा नमुना आहे. अशा लेखनात ‘लावावा’, ‘पाहावे’, ‘धरू नये’ अशी विध्यर्थी रूपे वारंवार येतात. ती आज्ञेपेक्षा सौम्य असली, तरी कर्तव्य स्पष्ट करतात. ‘आधी’, ‘मगच’, ‘त्यानंतर’, ‘काढण्यापूर्वी’ हे शब्द कृतीचा क्रम दाखवतात. ‘मगच’ या शब्दातील ‘च’ काढून टाकल्यास अर्थ कसा सैल होतो, हे चौथ्या भागातील ‘मगच चाके काढावीत’ या वाक्यात पाहा. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या शब्दांनी सूचनेला तर्काची जोड मिळते. कारण कळलेली सूचना वाचकाच्या लक्षात राहते.

आपण काय शिकलो?

- स्प्रिंग वजन पेलते. धक्काशोषक तिचे झोके आवरतो व चाक रस्त्याला टेकलेले ठेवतो.
- धक्काशोषक जोडीने बदलावेत.
- जॅक उचलण्यासाठी, घोडी आधारासाठी.
- वेगळा असलेला मागचा धक्काशोषक घरी बदलता येतो. पुढचा स्ट्रट घरी काढता येतो, पण तो उघडण्याचे काम योग्य यंत्र असलेल्या गॅरेजातच करून घ्यावे.
- कोणताही नट सोडण्यापूर्वी त्याच्यावरील भार ओळखावा.

स्वाध्याय

१. धक्काशोषकाचे कार्य कसे चालते, ते आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.
२. ‘थांबणे हेही कौशल्य आहे’ या विधानाची या पाठाच्या आधारे चर्चा करा.
३. पुढील वाक्ये योग्य क्रमाने लावा : चाक काढावे. उटी लावावी. भार घोडीवर येऊ द्यावा. चाकाचे नट थोडे सैल करावेत. जॅकने गाडी उचलावी.
४. आपल्या व्यवसायातील किंवा घरातील एखादे जोखमीचे काम निवडा. त्याची कृती विध्यर्थी रूपे वापरून लिहा आणि प्रत्येक सूचनेला कारण जोडा.